सानुग्रह म्हणजे कुणाच्या अनुग्रहाने?

गेल्या हिवाळ्यात बी. ए. भाग दोनच्या एका विद्यार्थिनीने आमच्या विभागात येऊन टेबलावर एक कागद ठेवला. तिचे वडील त्याआधीच्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करून घरी आले, रात्री त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि चौथ्या दिवशी ते गेले. घरच्यांनी शासनाच्या अपघात योजनेत प्रस्ताव दाखल केला होता. कागद त्या प्रस्तावाचे उत्तर होता. सदर प्रस्तावातील त्रुटींची पूर्तता विहित मुदतीत न केल्यास प्रस्ताव निकाली काढण्यात येईल, असे त्यात म्हटले होते. विद्यार्थिनीची आई दाराशीच उभी होती. आमचे वाचून झाल्यावर तिने विचारले, "म्हंजे आता निकाल लागन ना जी, सर?"

आम्ही तिघे होतो. तिघांच्याही नावापुढे मराठीची एम. ए. आहे. 'निकाल लागणे' आणि 'निकाली काढणे' यांतला फरक आम्ही वर्गात फळ्यावर लिहून समजावतो, परीक्षेत दोन गुणांना विचारतोही. त्या बाईच्या लेखी निकाल म्हणजे काहीतरी ठरणे आणि ते आपल्याला सांगितले जाणे: कोर्टाचा निकाल लागतो, पोरीच्या परीक्षेचा लागतो. कार्यालयाच्या लेखी निकाली काढणे म्हणजे फाइल बंद करणे. एकाच शब्दाच्या पोटात न्याय आणि विल्हेवाट असे दोन्ही अर्थ सुखाने नांदतात, हा अर्थविचाराचा फार देखणा नमुना आहे. पण त्या दिवशी तो देखणा वाटला नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. फवारणीच्या विषाने माणूस गेलेल्या किंवा अधू झालेल्या घराला पैशाच्याही आधी कायदा जाणणारा माणूस लागतो. तो विनामूल्य मिळणे हा त्या घराचा कायद्याने दिलेला हक्क आहे. तरी तो मिळत नाही, आणि न मिळण्याची कारणे निव्वळ प्रशासकीय नाहीत, भाषिकही आहेत. शासनाने भरपाईचे नाव 'अनुग्रह' ठेवले आहे, आणि अनुग्रह मागायला वकील कशाला हवा? या नामकरणाचे आम्ही मराठीचे अध्यापक मुके साक्षीदार आहोत.

२०१७ चा पावसाळा यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. विसरल्यासारखे वागतो एवढेच. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. गुलाबी बोंडअळीच्या धास्तीने फवारण्यांची संख्या वाढली, दोनतीन औषधे एकत्र कालवली गेली, हातपंपाच्या जागी जोरात फवारा मारणारे बॅटरीचे पंप आले, आणि डोक्याच्या वर फवारलेले विष वाऱ्याबरोबर फवारणाऱ्याच्याच अंगावर उतरले. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली, आठशेहून अधिक रुग्णालयांत दाखल झाली. सेंद्रिय फॉस्फरसवर्गीय विषबाधा ओळखायला लागणारी रक्तातील कोलिनेस्टरेजची चाचणी जिल्ह्याच्या मुख्य शासकीय रुग्णालयात तेव्हा होत नव्हती. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. त्याने ही चाचणी सुरू करण्याची आणि वणी व पुसद येथील रुग्णालयांत अतिदक्षता कक्ष उभारण्याची शिफारस केली. नोव्हेंबरात शासनाने मोनोक्रोटोफॉस, अॅसिफेट, डायफेन्थ्युरॉन यांसह पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. मृतांच्या वारसांना दोन लाख रुपये जाहीर झाले. जे वाचले, पण ज्यांची नजर मंदावली, हात थरथरू लागले, रोजीला जाणे सुटले, त्यांचे काय, याचे उत्तर त्या जाहीर रकमेत नव्हते.

वणीचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. यवतमाळ शंभराहून अधिक किलोमीटर दूर, चंद्रपूर त्याच्या निम्म्या अंतरावर. झरी-मारेगावकडच्या पोडावरून किंवा वणी तालुक्यातल्या गावातून निघालेला अत्यवस्थ माणूस जिथे गाडी लवकर पोचेल तिथे नेला जातो, आणि ते योग्यच आहे. पण मग विषबाधा एका जिल्ह्यातल्या शेतात, मृत्यू दुसऱ्या जिल्ह्यातल्या खाटेवर, शवविच्छेदन तिथेच, आणि व्हिसेरा तिसऱ्याच शहरातल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत, असा एका माणसाच्या मरणाचा कागदोपत्री प्रवास सुरू होतो. आमच्या विद्यार्थिनीच्या पत्रात 'त्रुटी' म्हणून जी यादी होती, तीत व्हिसेऱ्याच्या रासायनिक विश्लेषणाचा अहवाल पहिला होता. हा अहवाल प्रयोगशाळा पोलिसांना पाठवते. म्हणजे एका सरकारी खात्याकडे असलेला कागद दुसऱ्या सरकारी खात्याला हवा आहे आणि तो आणून देण्याची जबाबदारी एका विधवेची आहे. हिला 'त्रुटी' म्हणतात. त्रुटी कुणाची, हे मात्र वाक्यरचनेत येत नाही. शासकीय मराठीत कर्मणी प्रयोग कर्त्याला लपवण्यासाठीच जन्माला आला असावा.

आता योजनेच्या नावाकडे येऊ. शेतकऱ्यांसाठीची ही अपघात योजना २००५-०६ मध्ये विमा म्हणून सुरू झाली. पुढे २०१५-१६ पासून तिला गोपीनाथ मुंडे यांचे नाव दिले गेले, तेव्हाही ती विमाच होती. शासन हप्ता भरे, विमा कंपनी दावा मंजूर वा नामंजूर करी. कंपन्यांनी दावे अडवले, क्षुल्लक कागदांसाठी फेटाळले, ही तक्रार खरी होती. म्हणून एप्रिल २०२३ मध्ये शासनाने कंपनीला मधून काढले आणि योजनेचे नाव 'गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना' असे केले. आता प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जातो, तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालची समिती त्यावर निर्णय घेते. रक्कम मृत्यूसाठी दोन लाख, दोन डोळे वा दोन अवयव निकामी झाल्यास तेवढीच, एक डोळा वा एक अवयव गेल्यास एक लाख. हेतू चांगला होता हे आम्ही मान्य करतो. पण नावात काय बदलले ते पाहा. विमा हा करार असतो. त्यात 'दावा' असतो, दावा फेटाळला तर ग्राहक न्यायालयाची पायरी असते; महाराष्ट्रातल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या वारसांनी ती चढून कंपन्यांकडून रक्कम मिळवली. 'सानुग्रह अनुदाना'त दावा नसतो, 'प्रस्ताव' असतो. दावेदार नसतो, 'लाभार्थी' असतो. स + अनुग्रह, अर्थात कृपेसहित. गुरूने शिष्यावर करायचा तो अनुग्रह, दैवताने भक्तावर करायचा तो अनुग्रह. सरकारी शेतीधोरणाने, सरकारी परवान्याने विकल्या गेलेल्या विषाने मेलेल्या माणसाच्या बायकोवर तालुक्याच्या समितीने करायचा तो अनुग्रह कोणता?

'शब्द बदलल्याने काय होते, पैसे तर मिळतातच,' असे आमचे एक अर्थशास्त्राचे सहकारी म्हणाले. मिळतात तेव्हा मिळतात. न मिळाल्यावर काय करायचे, हे शब्द ठरवतो. हक्क नाकारला तर माणूस भांडतो. कृपा झाली नाही तर तो नशिबाला दोष देऊन घरी जातो. आणि घरी जाणाऱ्याला वकिलाची आठवण होत नाही.

त्यात विषाचा प्रश्न आला की यवतमाळात आणखी एक गाठ पडते. या योजनेत जंतुनाशके हाताळताना झालेली विषबाधा बसते. आत्महत्या बसत नाही. दुसरीकडे आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाखाची मदत २००६ च्या निर्णयाने ठरली, ती कर्जबाजारीपणा वगैरे कारणांनी आत्महत्या केली हे सिद्ध झाले तरच. म्हणजे घरात बाटली तीच, विष तेच, शवविच्छेदनाच्या टेबलावर पोट फाडल्यावर येणारा वासही तोच. पण एका खिडकीवर विधवेने सिद्ध करायचे की त्याने जाणूनबुजून घेतले, आणि दुसऱ्या खिडकीवर सिद्ध करायचे की जाणूनबुजून घेतले नाही. केसपेपरवर घाईत 'अज्ञात विषबाधा' एवढेच लिहिले गेले, पोलिसांच्या पंचनाम्यात शेजाऱ्याने 'घरात कर्जाचा ताण होता' असे एक वाक्य सहज बोलून टाकले, की फवारणीत मेलेला माणूस कागदावर आत्महत्या केलेला ठरू शकतो. मग एका खिडकीवर तो अपघाती नाही म्हणून अपात्र आणि दुसऱ्या खिडकीवर त्याच्या नावावर कर्ज नाही म्हणून अपात्र. केसपेपरवर काय लिहावे, जबाबात काय नोंदवले जात आहे, सही करण्यापूर्वी काय वाचून घ्यावे, हे त्या पहिल्या चार दिवसांत सांगणारा कुणी असेल तर पुढची वर्षे वाचतात. हा कायद्याचा सल्ला आहे. तो कोर्टात उभे राहून द्यायचा नसतो, रुग्णालयाच्या व्हरांड्यात द्यायचा असतो.

आणि हे सारे सातबारा असलेल्यांसाठी झाले. २०१९ पासून योजनेत खातेदाराच्या कुटुंबातला एक सदस्यही धरला जातो. तरी घरात कुणाच्या तरी नावावर जमीन हवीच. पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या शेतात फवारणारा भूमिहीन मजूर तिच्या बाहेर राहतो. 'शेतकरी' या शब्दाचा अर्थ महसुली नोंदीने ठरतो. शेतात कोण उभा होता यावरून ठरत नाही. मजुराच्या बँक खात्यातून सुरक्षा विम्याचा हप्ता, पूर्वी बारा रुपये आणि जून २०२२ पासून वीस, कापला गेला असेल तर दोन लाखांचा एक मार्ग उरतो; खात्यात त्या दिवशी वीस रुपये नसतील तर तोही नाही.

राहता राहिली मालकाची जबाबदारी. १९२३ च्या भरपाई कायद्याची अनुसूची पाहिली तर शेतीतला मजूर तीत येतो, पण ट्रॅक्टर किंवा यांत्रिक शक्तीवर अथवा विजेवर चालणाऱ्या साधनांनी होणाऱ्या शेतीपुरता. २०१७ मध्ये हाच कायदा लागू होता. सामाजिक सुरक्षा संहितेने त्याची जागा घेतली ती २१ नोव्हेंबर २०२५ ला. आता विचार करा: पाठीवरचा बॅटरीचा पंप हे विजेवर चालणारे साधन आहे की नाही? आमच्यासारख्या शब्दांच्या माणसालाही हा प्रश्न सुचतो. सरावलेल्या वकिलाने तो मांडला असता तर निदान त्याचे उत्तर तरी मिळाले असते. दावा करायला त्या कायद्यात दोन वर्षांची मुदत होती. ती मुदत आहे हेच माहीत नसलेल्यांची दोन वर्षे तेराव्याच्या उसनवारीत आणि दुसऱ्याच्या शेतात पुन्हा पंप धरण्यात संपली.

इथे आम्हाला हमखास सांगितले जाते, की गरिबांसाठी मोफत वकील आहेच की. आहे. संविधानात १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला. १९७९ च्या हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मोफत कायदेशीर मदत ही न्याय्य प्रक्रियेचा भाग मानली. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्री, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, सामूहिक आपत्तीत सापडलेला माणूस यांना उत्पन्न न पाहता ही सेवा मिळते. म्हणजे आमच्या दाराशी उभी असलेली ती बाई केवळ स्त्री आहे एवढ्यानेच पात्र होती. पोडावरची कोलाम बाई दोन कारणांनी पात्र आहे. त्याच अधिनियमाच्या व्याख्येत 'विधी सेवा' म्हणजे न्यायालयातलेच नव्हे तर अन्य प्राधिकरणापुढचे काम आणि कायद्याच्या कोणत्याही बाबीवरचा सल्लाही येतो. असंघटित कामगारांसाठी राष्ट्रीय प्राधिकरणाची २०१५ ची वेगळी योजना आहे. १५१०० हा फोन क्रमांक आहे. तालुका समिती आहे, जिल्हा प्राधिकरण आहे, कायद्याचे प्राथमिक प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक आहेत.

तर मग अडते कुठे? एक जागा आम्ही दाखवतो, ती आमच्या अभ्यासविषयातली आहे. तालुका न्यायालयाच्या आवारात पाटी असते: 'तालुका विधी सेवा समिती'. कोशात विधी म्हणजे कायदा, कबूल. 'विधी महाविद्यालय', 'विधी व न्याय विभाग' हे सगळे त्याच अर्थाचे. पण वणीच्या बाजारात कुणालाही विचारा, विधी म्हणजे काय? लग्नाचा विधी, वास्तूचा विधी, दहाव्याचा विधी. नुकतेच कुंकू पुसलेल्या बाईला 'विधी सेवा' या शब्दात काय ऐकू येईल, याचा विचार ती पाटी रंगवताना कुणी केला होता काय? मराठीत 'कायदा' हा अस्सल रुळलेला शब्द आहे. 'वकील' आहे, 'कोर्ट' तर माजघरापर्यंत गेलेला आहे. 'फुकट वकील मिळेल' ही तीन शब्दांची पाटी निरक्षर माणसालाही कुणी वाचून दाखवली तर कळेल. ती लावली जात नाही, कारण ती फार लवकर कळेल, असा संशय आम्हाला येतो. तो अन्यायकारक असेल तर कुणीतरी ती पाटी लावून आमचे तोंड बंद करावे. १९६४ चा राजभाषा अधिनियम, १९९८ पासून तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा म्हणून मराठी, ३ ऑक्टोबर २०२४ ला मिळालेला अभिजात दर्जा: एवढ्या पायऱ्या चढून मराठी जिथे पोचली, तिथून ती दाराशी उभ्या बाईला दिसत नाही.

दुसरी जागा पद्धतीची आहे. आपल्याकडे मोफत मदत म्हणजे खटला उभा राहिल्यावर मिळणारा वकील, अशी समजूत घट्ट आहे, मग कायद्याची व्याख्या काही का म्हणेना. भरपाईच्या योजनेत खटला नसतोच. अर्ज, दाखले, त्रुटी, मुदत, समिती एवढेच असते. त्यामुळे योजना वकिलाविना चालते आणि वकील योजनेविना. अमेरिकेत लसीच्या दुष्परिणामांसाठी १९८६ च्या कायद्याने जी भरपाई व्यवस्था झाली, तीत अर्जदाराच्या वकिलाचा वाजवी खर्च व्यवस्थाच देते. दावा प्रामाणिक असेल तर तो हरला तरीही. त्या देशाचे गोडवे गायचा आम्हाला मुळीच सोस नाही. पण भरपाई ठरवणाऱ्याने भरपाई मागणाऱ्याच्या वकिलाची सोय त्याच कायद्यात करावी, ही कल्पना अशक्य नाही एवढे त्यावरून कळते. आपण काय केले? भोपाळनंतर १९८५ चा कायदा करून सरकारने सर्व पीडितांच्या वतीने दावा लढण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला आणि १९८९ मध्ये सत्तेचाळीस कोटी डॉलरवर तडजोड केली. पीडिताच्या वतीने बोलणे आणि पीडिताला बोलू न देणे यांतले अंतर किती थोडे असते, ते तिथे दिसले.

आणि बासेल. सप्टेंबर २०२० मध्ये यवतमाळच्या विषबाधितांपैकी दोन वाचलेल्या माणसांनी आणि एका मृताच्या पत्नीने स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या न्यायालयात सिंजेंटा या कंपनीकडून भरपाई मागितली. एकावन्न बाधितांच्या वतीने तिथल्याच शासकीय यंत्रणेकडे वेगळी तक्रार गेली. त्यांच्या मागे इथल्या आणि युरोपातल्या संघटना होत्या. प्रश्न 'पोलो' या नावाने विकल्या जाणाऱ्या डायफेन्थ्युरॉनचा होता, जे खुद्द स्वित्झर्लंडमध्ये वापरात नाही. कंपनीने आरोप नाकारले. त्या वादाचा न्यायनिवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. आम्हाला एवढेच दिसते, की त्या देशाच्या संविधानात साधने नसलेल्या माणसाला, त्याची बाजू अगदीच निराधार नसेल तर, मोफत वकील मिळण्याचा हक्क मूलभूत हक्कांत लिहिलेला आहे. आपल्याकडे अनुच्छेद ३९-अ राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. आणि दिसते ते हे, की कळंब-दारव्ह्याच्या कपाशीत पडलेला माणूस आल्प्स ओलांडून न्याय मागायला गेला, तेव्हा तालुक्याच्या कोर्टातली ती पाटी त्याला आडवी आली नव्हती.

आता थोडे आमच्याविषयी, आमच्याविषयी म्हणजे तुमच्याविषयीही. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाल्यावरून वादळ उठले, आणि ते उठायलाच हवे होते. शेवटी उद्घाटन वैशाली येडे यांनी केले, आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने. 'तेरवं' या नाटकात त्यांनी काम केले होते, जिथे अशाच स्त्रिया स्वतः रंगमंचावर उभ्या राहतात. मंडपातल्या टाळ्या आम्हाला आठवतात, आम्हीही वाजवल्या. फवारणीच्या त्या पावसाळ्याला तेव्हा सव्वा वर्षच झाले होते आणि दोन वर्षांच्या मुदतीतले नऊ महिने अजून शिल्लक होते. त्या मंडपात जिल्ह्यातले मराठीचे प्राध्यापक किती होते याची मोजदाद नको. त्यातल्या दहांनी दहा अर्ज लिहून दिले असते तर? आम्ही निबंध वाचले. 'कृषिजीवन आणि समकालीन कविता' या धाटणीच्या चर्चासत्रांची प्रमाणपत्रे आमच्या फाइलींत आहेत, पदोन्नतीसाठी मोजली गेलेली. कवितेतला बळीराजा आम्हाला प्रिय आहे. त्याच्या बांधावरचा रोजगारी, ज्याच्या पाठीवर पंप असतो, तो आमच्या अभ्यासक्रमातही भूमिहीनच आहे.

याच भाषेत महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. कागद, कचेरी आणि कोर्ट यांच्या चरकात पिळला जाणारा शेतकरी हा त्या पुस्तकाचा कणा आहे. आम्ही मात्र ते 'वैचारिक गद्य' या शीर्षकाखाली पंधरा गुणांना शिकवतो. त्याआधी आठ वर्षे पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांकडची खते जाळली होती. दुखणे कागदात आहे हे त्यांना वाचता येत नसून कळले होते. आमच्या अभ्यासक्रमात 'व्यावहारिक मराठी' आहे आणि तीत अर्जलेखनही आहे: ग्रंथालयात पुस्तके वाढवण्याविषयी प्राचार्यांस अर्ज, वीजपुरवठा खंडित होत असल्याविषयी तक्रार. व्हिसेऱ्याचा अहवाल मिळण्यासाठी पोलीस ठाण्यास अर्ज, त्रुटीच्या पत्राला उत्तर, तालुका समितीकडे वकील मिळण्याविषयी अर्ज हे का नाहीत? 'विहित', 'सदर', 'निकाली' हे शब्द लिहायला शिकवण्यापेक्षा उलगडायला शिकवणे हे भाषेचे अध्यापन नव्हे काय? राम शेवाळकर ज्या गावात प्राचार्य होते त्या वणीला आपल्या वक्तृत्वाचा अभिमान आहे. बोलणारे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, लिहून देणारे नाहीत.

'आपण वकील नव्हे, उद्या काही चुकले तर?' हा आक्षेप प्रामाणिक आहे. वकिलाचे काम वकिलानेच करावे, आम्हीही तेच म्हणतो. पण वकिलापर्यंत नेणारा कागद लिहायला सनद लागत नाही. १९८७ च्या त्याच अधिनियमात विद्यापीठे, विधी महाविद्यालये आणि 'इतर संस्था' यांत सल्ला केंद्रे काढण्याची तरतूद आहे. अमरावती विद्यापीठाचा प्रत्येक मराठी विभाग ही 'इतर संस्था' आहे. ही जागा रिकामी राहत नाही, हेही ध्यानात घ्यावे. तहसीलच्या बाहेर पानठेल्याजवळ कागद 'करून देणारा' कुणीतरी उभा असतोच, त्याचा भाव ठरलेला असतो आणि तो अनुग्रहाच्या टक्केवारीत घेतला जातो. पूर्वी अर्जनवीस निदान दरखास्तीची भाषा तरी जाणत असे. 'हे समाजकार्य झाले, साहित्याचा अभ्यास नव्हे' म्हणणाऱ्यांशी मात्र वाद घालण्याची आमची इच्छा नाही. त्यांनी संहिता वाचावी. ते पत्र हीही संहिताच आहे, लेखकाचा मृत्यू तर तिच्यात केव्हाच झालेला आहे.

त्या दिवशी आम्ही दोन अर्ज लिहिले. एक पोलीस ठाण्याला, व्हिसेऱ्याच्या अहवालाची प्रत मिळण्याविषयी. दुसरा तालुका समितीला, वकील नेमण्याविषयी. त्रुटीच्या पत्राचे उत्तर विद्यार्थिनीने स्वतः लिहिले, आम्ही फक्त 'अहवाल पोलिसांच्या ताब्यात असल्याने विलंबास अर्जदार जबाबदार नाही' हे वाक्य सुचवले. शेवटच्या ओळीवर अडले. तिने लिहिले होते, 'तरी अनुदान मिळावे ही नम्र विनंती.' आम्ही म्हटले, विनंती नको, मागणी लिही. हक्काची गोष्ट आहे. तिने खोडून 'मागणी' केले आणि आईला वाचून दाखवले. आई बराच वेळ त्या खोडलेल्या शब्दाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "नाही जी सर, विनंतीच राहू द्या. तिथचे साहेब रागावतीन."

कागद पुन्हा लिहावा लागला. त्यात 'विनंती' आहे.